मोकळा रकाना

हातात आलेली कोणतीही वस्तू ती आधी उजेडाकडे धरायची. कोथिंबिरीची जुडी, मुलीचा धुतलेला डबा, माझ्या चष्म्याची काच. कुपवाडच्या एका कारखान्यात ती पंपाच्या सुट्या भागांच्या तपासणीला होती. भाग उचलायचा, मापायचा, उजेडात फिरवून बघायचा आणि तक्त्यात आकडा लिहायचा, हे आठ तास. घरी आल्यावरही हाताची सवय थांबत नसे, इतकंच.

सांगलीत आमची बिऱ्हाडं एकाच इमारतीच्या तळमजल्यावर होती. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या गॅलरीसमोर यायची. मी वर्तमानपत्रात बातमीदार, आणि आमचा अंक ती माझ्याआधी वाचायची. एकदा म्हसवडच्या जत्रेची बातमी मी लिहिली होती.

"भाऊ, लाखोंची गर्दी म्हंजी किती?" तिने खिडकीतून विचारलं.

"म्हणजे खूप, वहिनी."

"माझ्या म्हायेरची जत्रा हाय ती. कुणी मोजली?"

"अंदाज असतो."

"अंदाज नगं. आकडा सांगा, न्हाईतर मोजली न्हाई म्हणून लिवा."

हे वाक्य ती सगळ्यांनाच ऐकवायची. दूधवाल्याला, शाळेतल्या बाईंना आणि नवऱ्यालाही. तो तासगावच्या एका गॅरेजमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि रोज जाऊन येऊन असायचा. "येतो जरा वेळानं" असं त्याने फोनवर म्हटलं की इकडून प्रश्न जायचा, "किती वाजता?" तो मला सांगायचा, "गड्या, मंगलाष्टका चालल्या हुत्या, तवाबी ही मोजत हुती."

तुमच्याही शेजारी असं कुणीतरी असेल. अशा माणसाची चेष्टा करणं सोपं असतं. आम्हीही करत होतो.

तिच्या मुलीला मूत्रपिंडाचा जुना आजार होता. शरीरातली प्रथिनं लघवीवाटे निघून जायची आणि अंगावर सूज यायची. औषधांनी आजार महिनोनमहिने शांत राहायचा, मग एखाद्या सर्दीचं निमित्त होऊन उलटायचा. तो उलटतोय हे सूज येण्याआधी कळावं म्हणून रोज सकाळी लघवीत एक कागदी पट्टी बुडवायची आणि तिचा रंग बाटलीवरच्या चौकोनांशी जुळवायचा. पिवळा राहिला तर नील, म्हणजे काही नाही. हिरवट झाला तर एक प्लस, दोन प्लस, तीन प्लस. सलग तीन दिवस तीन प्लस आला की मिरजेचं हॉस्पिटल.

बाटलीच्या वेष्टनावरचे ते चौकोन तिने कापून खिडकीच्या काचेवर चिकटवले होते. रोज सकाळी पावणेसात वाजता ती पट्टी काचेला लावून उभी राहायची आणि मग वहीत आकडा लिहायची. मुलगी पाच वर्षांची असताना हे सुरू झालं. मी सांगतोय तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि वह्या सहा झाल्या होत्या.

त्या वर्षी त्यांच्या विमा कंपनीच्या यादीतून मिरजेचं ते हॉस्पिटल निघालं. यादीतलं मुलांच्या मूत्रपिंडाचं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल आता पुण्यात होतं. सुजलेल्या मुलीला घेऊन पुणं गाठायचं, नाहीतर मिरजेत आधी स्वतः पैसे उभे करायचे आणि मग ते मागत बसायचं. ती म्हणाली, "दुसरी कंपनी बघायची."

पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेता येते आणि आधीची वर्षंही धरली जातात. मात्र मुदत संपण्याआधी किमान पंचेचाळीस दिवस अर्ज द्यावा लागतो, आणि नवी कंपनी नाही म्हणू शकते. आजारी मूल असलं की ते नाही म्हणणं अधिक शक्य असतं.

अर्ज भरायला माझ्या ओळखीचा विमा एजंट माझ्याच घरी आला. माणूस वाईट नव्हता. त्याने आजाराच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"वैनी, ह्यो मोकळा सोडा."

"का?"

"खरं लिवलं की फाईल आली तशी माघारी जाती. पोरगी दिसती कशी, एकदम टकाटक. कुणाला कळतंय?"

"आवं दादा, मोकळा रकाना म्हंजी तपासलंच न्हाई. आमच्यात रिजेक्ट चालतं, मोकळा न्हाई चालत."

"ह्यो काय तुमचा कारखाना हाय व्हय?"

"न्हाई. पर उद्या पोरगी ॲडमिट असताना त्यांनी उघडून बघितलं तर? तवा तुमी येणार सांगाया?"

एजंट चहाकडे वळला. मी मध्यम मार्ग सुचवला. आजाराचं नाव लिहावं आणि पुढे 'सध्या प्रकृती उत्तम' असं जोडावं. तिने माझ्याकडे जत्रेच्या बातमीच्या दिवशी बघितलं होतं तसंच बघितलं.

"सध्या म्हंजी किती दिवस?"

मग तिने वही उघडली आणि सात महिने अकरा दिवस असं लिहिलं. आधीची उलटलेली प्रत्येक वेळ, तेव्हाची औषधं, हॉस्पिटलमधले दिवस, सगळं लिहिलं. रकाना पुरला नाही म्हणून पुरवणी जोडली. सहाही वह्यांच्या झेरॉक्स काढायला मी गेलो. गठ्ठा हातात घेऊन एजंट म्हणाला, "वैनी, हे घेऊन डॉक्टरकीलाच ॲडमिशन घ्या. पॉलिसी काय मिळत न्हाई."

तिसऱ्या आठवड्यात विमा कंपनीच्या डॉक्टरांचा फोन येणार असल्याचा निरोप आला. वेळ सकाळी दहाची होती. मुलीला दोन दिवस सर्दी होती. पावणेसातला मी गॅलरीत होतो. ती पट्टी काचेला लावून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. मग ती पट्टी घेऊन दारात गेली, तिथल्या उजेडात बघितली आणि परत खिडकीशी आली.

"एक प्लस," ती मला म्हणाली.

एजंटला तिनेच कळवलं. त्याचा फोन लगेच आला, "आज तेवढं बोलू नगा. सर्दी हाय, जाईल उतरून. हात जोडतो."

कारखान्यात ती दोन तास उशिरा येते म्हणून सांगून आली होती. दहाला फोन वाजला. तिने स्पीकर लावून तो माझ्या टेबलावर ठेवला आणि वही शेजारी घेतली. डॉक्टर बाई होत्या. गेल्या दोन वर्षांत आजार किती वेळा उलटला, हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

"दोनदा. पयल्यांदा गणपती झाल्यावर, तीन प्लस, पापण्यांना सूज. चार दिवस ॲडमिट. दुसऱ्यांदा ॲडमिट न्हाई, गोळ्यांवर अकराव्या दिवशी नील."

"तुम्ही नर्स आहात का?"

"न्हाई. कुपवाडला इन्स्पेक्शनला हाय."

"बरं. आणि सध्या?"

मी तिच्याकडे बघत होतो. तिने वहीवर बोट ठेवलं.

"काल नील. आज सकाळी एक प्लस. सर्दी हाय."

"मग उद्या काय येईल असं वाटतं?"

"उद्याचं उद्या सांगते. आज कसं सांगू?"

डॉक्टरबाई हसल्या. आठवडाभराचे आकडे पाठवा, म्हणाल्या. फोन ठेवल्यावर ती पाणी प्यायली, वही पिशवीत घातली आणि कामावर गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक प्लस आला. तिसऱ्या दिवशी अंधुक छटा. चौथ्या दिवशी नील, आणि आठवडा संपेपर्यंत नीलच. सातही आकडे तिने पाठवले.

अर्ज मंजूर झाला. हप्ता थोडा वाढवला होता, पण जुनी वर्षं धरली होती आणि मुलीचा आजार पहिल्या दिवसापासून विम्याच्या आत होता. मिरजेचं हॉस्पिटल यादीत होतं. एजंट पेढे घेऊन आला. तिने नवं कार्ड उजेडाकडे धरलं, मुलीच्या नावाचं स्पेलिंग तपासलं आणि मगच पेढा घेतला. "दादा, किती फायली अशा भरल्या?" तिने विचारलं. "ही पयलीच," तो म्हणाला. तो खरं बोलला म्हणून तिने त्याला दुसरा पेढा दिला.

अर्ज चालू असताना पत्ता बदलायचा नाही म्हणून त्यांनी तासगावला राहायला जाणं लांबवलं होतं. वर्षाअखेरीस ते गेले. आता तिथल्याच एका बेदाण्याच्या शेडवर ती प्रतवारी बघते. म्हणजे बेदाणेही उजेडाकडे धरले जात असणार. समोरच्या घरात नवे भाडेकरू आहेत. काचेवरचे रंगीत चौकोन कसले, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते अजून खरवडलेले नाहीत.

ते गेले त्या दिवशी पावणेसातला मी गॅलरीत होतो. टेंपो दारात उभा होता. ती खिडकीकडे पाठ करून भांडी पोत्यात भरत होती. काचेशी मुलगी उभी होती, टाचा उंचावून, हातातली पट्टी उजेडाला लावून.

"किती?" आईने विचारलं.

मुलीने घाई केली नाही. एकेका चौकोनाशी पट्टी नेली.

"नील."

मी वाट बघत होतो. दुसऱ्याने तपासलेल्या मालावर आपली नजर फिरवल्याशिवाय ती पुढे जाऊ देत नसे. तिने पोत्याचं तोंड बांधलं, गाठ ओढून बघितली आणि मागे न वळता म्हणाली, "लिव मग."