घोट्याची पकड आणि गोड चेहरा

मी कबड्डीची गुणलेखक आहे. आठवडाभर विमा कचेरीत फायली, आणि रविवारी सामने असले की मैदानाच्या कडेच्या टेबलावर गुणपत्रक. आम्ही परळहून भाईंदरला राहायला आलो तोवर गुडघ्यामुळे माझं खेळणं सुटलं होतं. मग पंच परीक्षा दिली आणि ही खुर्ची मिळाली.

या खुर्चीचा एकच त्रास. शेजारी माईक घेऊन समालोचक बसायचा. आमच्या भागातल्या सगळ्या स्पर्धांना तोच. आवाज भारदस्त, खेळाची समज जेमतेम. पण आवाज मोठा असला की आपल्याकडे पुढचं कोणी तपासत नाही. पुरुषांच्या सामन्यात तो निदान चढाई, बोनस, लोण असले शब्द वापरायचा. मुली मैदानात उतरल्या की त्याला काव्य सुचायचं. कोणी हरिणी, कोणी नागीण, कोणी ‘आपल्या घरची लक्ष्मी’. मी खाली मान घालून आकडे लिहायचे. चार-पाच वर्षं लिहिले. त्याबद्दल मला स्वतःचीही फारशी इज्जत वाटत नाही.

त्या रविवारी दुपारी महिलांचा उपांत्य सामना होता. एक संघ भाईंदरच्या किनाऱ्याकडच्या डोंगरी गावचा. त्यांची डावा कोपरा सांभाळणारी मुलगी कोळ्यांच्या घरातली, विशीतली, रुंद खांद्यांची. समोरची चढाईपटू जिल्ह्यात नावाजलेली होती. या मुलीने पूर्वार्धात तिला चार वेळा घोट्याला धरून जागेवर बसवलं. वाट बघायची, पाय लांबला की झडप घालायची. इतका संयम मला माझ्या काळात कधी जमला नाही.

समालोचक म्हणाला, “बघा मंडळी, हात पैलवानाचे, पण चेहरा किती गोड!” लोक हसले. दुसऱ्या पकडीला म्हणाला, “हिच्या होणाऱ्या नवऱ्याने जपून राहावं, पळायची सोय नाही.” लोक आणखी हसले. चौथ्या पकडीला त्याने तिचं वजन विचारलं. माईकवरून.

मध्यंतराला ती मुलगी घाम पुसत सरळ टेबलापाशी आली.

“मॅडम, माझ्या पकडी किती झाल्या?”

“चार,” मी म्हणाले.

ती त्याच्याकडे वळली. “मग तेवढंच सांगा ना.”

“अगं बाळा, कौतुकच करतोय तुझं.”

“माझ्या लग्नाचं काय कौतुक? सकाळी पुरुषांची मॅच झाली, तेव्हा कोणाची बायको नाही काढलीत तुम्ही.”

तो हसत माझ्याकडे बघायला लागला. मी नेहमीसारखी गप्प बसेन याची त्याला खात्री होती. “पब्लिकला धरून ठेवावं लागतं हो,” तो म्हणाला. “आणि मला स्वतःला दोन मुली आहेत.”

दोन मुली असणं म्हणजे जणू चारित्र्याचा दाखला. मी पेन खाली ठेवलं.

“सकाळच्या मॅचमध्ये पोट सुटलेला एक कोपरारक्षक होता,” मी म्हणाले. “त्याने एकही पकड केली नाही. तुम्ही त्याला पहाड म्हणालात, अनुभवी म्हणालात. त्याचं वजन का नाही विचारलंत?”

“ते वेगळं, मॅडम.”

“कसं वेगळं?”

तेवढ्यात सामने भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष धावत आले. खादीचा कुर्ता, हातात पाहुण्यांसाठी आणलेला गुच्छ. “मॅडम, जाने दो ना. नगरसेवक बसलेत समोर. छोटीसी बात आहे.”

“छोटी आहे तर बंद करा,” ती मुलगी म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

उत्तरार्धात समालोचक रुसला. चेहऱ्यांवर बोलायचं नाही म्हटल्यावर आता खेळावर बोलणं भाग होतं, आणि तिथेच त्याचं पितळ उघडं पडलं. मांडीच्या पकडीला तो घोट्याची पकड म्हणाला. बोनस मिळाला हे त्याला कळलंच नाही. पुढच्या रांगेतली पोरं ओरडून त्याच्या चुका काढायला लागली. इतकी वर्षं हरिणी आणि नागीण यांच्या आड हा माणूस किती अज्ञान लपवत होता ते मला तेव्हा कळलं. आधी राग होता, आता त्याची किळस आली.

डोंगरीचा संघ दोन गुणांनी हरला. शेवटच्या चढाईत तीच बाद झाली, कारण तिने झडप थोडी लवकर घातली. चूक तिची होती, मी तसंच लिहिलं. उत्कृष्ट पकडीचं बक्षीस मात्र तिलाच मिळालं. ते देताना नगरसेवकांनी तिला विचारलं, “घरी स्वयंपाक वगैरे येतो ना?” ती “सर, फोटो काढा,” म्हणाली आणि कॅमेऱ्याकडे बघत उभी राहिली.

आठवड्याने अध्यक्षांचा फोन आला. “मॅडम, पुढच्या वेळी तुम्ही आराम करा. वातावरण बिघडतं.” समालोचक कायम राहिला. मीही विनवण्या केल्या नाहीत. ज्या मंडळाला वातावरणाची एवढी काळजी आणि खेळाची इतकी कमी, त्यांच्या टेबलावर गुण लिहून काय मिळवायचं होतं?

पुढे डोंगरीच्या मुलींनी गावात सामने भरवले तेव्हा मला बोलावलं. बस पकडून गेले. माईक त्या मुलीच्या मावसबहिणीकडे होता. ती फार ओरडायची, गुणही चुकवायची, दर पाच मिनिटांनी मला तिचा कोपर ओढावा लागे. पण पकड झाली की ती पकडीबद्दल बोलायची.

गेल्या महिन्यात केबिन रोडवर भाजी घेताना समालोचक भेटला, बायकोबरोबर. त्याने मला ओळखलं आणि बायकोला सांगितलं, “या मॅडम. बोलायला फार कडक, पण मनाने प्रेमळ हं.”

“दोन्ही तुम्हाला कोणी विचारलं?” मी म्हणाले. त्याची बायको पटकन दुसरीकडे बघायला लागली. ती हसू दाबत होती असं मला वाटलं, पण खात्री नाही. मी मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि निघाले.