तळ्याचं पाणी तिने तपासलं

पार्ल्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी नोकरीला. मी अकरा वर्षांपासून, ती तीन. पाणी तपासायचा हातात मावणारा मीटर आला, तो शिकून घेतला मी. वाकोल्याच्या नाल्यापासून बोरिवलीच्या जंगलातल्या ओढ्यापर्यंत तो घेऊन हिंडले मी. आणि हिमालयातल्या एका तळ्यापर्यंत माणसाची घाण पोचलीय का, हे बघायला कुणाला तरी पाठवायचं ठरलं, तेव्हा सरांनी नाव घेतलं तिचं.

"तुमचा गुडघा दुखतो ना," सर मला म्हणाले. दुखायचा, खरंच. पण विचारायचं तरी!

बूट घ्यायला ती मलाच सांताक्रूझला घेऊन गेली. "कसे आहेत गं?"

"झकास," मी म्हटलं. आतून नुसती जळत होते.

मीटर पिशवीत भरताना तिने विचारलं, "अजून काही लक्षात ठेवायचं?"

मीटरचं काचेचं टोक सतत ओलं लागतं. टोपणात मीटरसोबत येणाऱ्या छोट्या बाटलीतल्या द्रावणाचे थेंब घालावे लागतात, नाहीतर ते सुकून आकडे भरकटतात. मला हे तोंडपाठ होतं.

"नाही गं, एवढंच."

आठवड्याने तिचा फोन आला, तुटक आवाजात. "आकडा थांबतच नाहीये. दोन दिवस चढून आलोय, वाट लागली यार!"

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं. मग वाऱ्याच्या आवाजातून हुंदका ऐकू आला. ती रडतेय हे कळलं, आणि मला राहवलं नाही.

"टोक सुकलंय. छोट्या बाटलीतल्या द्रावणात रात्रभर बुडवून ठेव. उद्या चालेल."

"तुला आधी माहीत होतं?"

"हो."

फोन बंद झाला. नेटवर्क गेलं की तिने ठेवला, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मीटर चालला. ट्रेकवाल्यांचे तंबू लागतात त्या काठाचं पाणी बिघडलेलं निघालं, समोरच्या काठाचं स्वच्छ. परत आल्यावर सगळ्यांसमोर तिने हे मांडलं, टाळ्या पडल्या. "फोनवर यांनी मदत केली," असंही म्हणाली. 'यांनी'. त्या दिवसापासून मी तिची 'तुम्ही' झाले.

मी माफी मागितली. "ठीक आहे हो," एवढंच म्हणाली.

तिच्या टेबलावर आता त्या तळ्याचा फोटो आहे. माझी चूक मला पुरती कळते. तरी फोटोवर नजर गेली की अजून जळते.