डावं कोरलं, उजवं छापलं

फ्रेमिंगच्या दुकानात लाकडाचे तुकडे साठतात तसे किस्सेही साठतात. टाकवत नाहीत आणि कुठे बसवताही येत नाहीत. शिकागोजवळ नेपरव्हिलमध्ये माझं असं दुकान आहे. सोबत युरोपातली जुनी छापचित्रं विकतो; बहुतेक येशू, मेरी आणि संत. कॉलेजात यातलं काही शिकलो नाही, विकता विकता शिकलो. आणि मित्र विनायक! तो गॅरेजमध्ये त्याच जुन्या पद्धतीने तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरतो आणि छापतो. बैठक माझ्या दुकानात, चहा माझा, वाहवा मात्र त्याची!

*

जोशी काकू आमच्या मराठी मंडळाच्या प्रेसिडेंट. एकदा एका येशूसमोर थबकल्या. "अहो शेठ, हा डाव्या हाताने आशीर्वाद देतोय!"

हृदय डावीकडे असतं, म्हणून हा प्रेमाचा आशीर्वाद, अशी थिअरी मी लगेच मांडली. काकूंनी पर्सही उघडली!

तेवढ्यात विनायक म्हणाला, "कोरणाऱ्याने पेंटिंग समोर ठेवून जसंच्या तसं कोरलं असणार. कागदावर सगळं उलटं उमटतं. घाईत असेल बिचारा."

"विनायक, किती नॉलेज आहे रे तुला!" म्हणत काकूंनी पर्स बंद केली.

*

मेरीचं एक चित्र होतं. मांडीवर मृत मुलगा, आईचा चेहरा पुसट. छापून छापून पत्रा झिजला की रेघा अशा फिक्या पडतात. मी ते 'वीक प्रिंट' म्हणून सेलमध्ये लावलं होतं.

विनायक बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "पत्रा थकला, म्हणून आई थकली."

बैठकीला आलेल्या काकूंनी डोळे पुसले.

चित्र माझं, झीज आधी मला दिसलेली. हे वाक्य मला सुचायला काय झालं होतं, यार?

*

मग माझी बायको सुनंदाही त्याच्याकडे शिकायला जायला लागली. पत्र्यावर शाई चोळायची आणि तळहाताने पुसत बसायचं. घरी यायची ती काळे हात आणि "विनायकराव, विनायकराव" घेऊन.

मी म्हटलं, "मी रोज काचा पुसतो, त्याचं कुणाला कौतुक नाही!"

"अहो, काच पुसली की काही उरत नाही. तिथे रेघेत जे पुसायचं राहतं, त्याचंच चित्र होतं."

हेही त्याचंच वाक्य असणार!

*

गणेशोत्सवात मंडळ घरोघरी गणपतीचं चित्र देतं. दरवर्षी ते माझ्या दुकानातून जायचं. यंदा काकूंनी विनायकला सांगितलं, मला उरलं नुसतं फ्रेमिंग! त्याने कागद आणला कांद्याच्या पापुद्र्यासारखा.

"एवढ्या पातळ कागदावर मी भजीसुद्धा ठेवणार नाही," मी म्हटलं.

चित्रं छापून आली आणि काकू ओरडल्या, "अगं बाई, उजवी सोंड!"

उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक, त्याचं सोवळं सांभाळावं लागतं. इथे घरोघरी फ्रोझन पराठे! जगाला उलट-सुलट शिकवणाऱ्याने स्वतः डावी सोंड कोरली आणि छापताना ती उजवी झाली! मी सगळ्यांना वेलची घालून चहा दिला.

पण नवं कोरायला वेळ नव्हता. विनायक पांढराफटक पडलेला. काकू माझ्याकडे वळल्या. "शेठ, आता तुम्हीच काहीतरी करा."

अखेर माझी पाळी! आतल्या खोलीत जाऊन मी एकेक कागद पालटला आणि पाठीकडून फ्रेम केला. शाई पलीकडून छान दिसत होती, जराशी धूसर. सोंड डावीकडे!

आरतीनंतर काकूंनी सगळ्यांसमोर फ्रेम उचलली. मी कॉलर नीट केली.

"बघा, चेहरा किती मऊ उमटलाय! हात लागतो हो विनायकचा!"

"थँक यू, काकू," विनायक म्हणाला आणि माझ्याकडे न बघता प्रसादासाठी डावा हात पुढे केला.