फाशाला डुक्कर ओळखता येत नाही

मित्रांनो, आज सकाळी बायकोला घेऊन नवेगाव बांधच्या जंगलात सफारीला गेलो. तिला रानकुत्रे पाहायचे होते.

कुंपणाच्या आत थोडं गेलो आणि ते दिसले. सहा जणांनी चितळ पाडलं होतं आणि ते ओरडत असतानाच त्याचं पोट फाडून खात होते. तेवढं पाहवलं, कारण तो जंगलाचा नियम आहे. पण एक मादी बाजूला उभी होती. तिच्या गळ्यात तार रुतून मांस उघडं पडलं होतं. ती घास घ्यायची, गिळू लागली की जखमेतून रक्त उसळायचं आणि घास खाली पडायचा.

गाइड म्हणाला, “भाऊ, क्लच वायरचा फासा आहे. लोक डुकरासाठी लावून राहिले. जनावर नाल्यातून कुंपणाबाहेर जाते अन् अटकते.”

बायको हळूच म्हणाली, “आपला तं नसन ना?”

माझ्या धानाच्या बांधावर असे पाच फासे होते. मागच्या आठवड्यात त्यातला एक तुटून गेला. लावताना दर वेळी मी वाघदेवाला हात जोडायचो, ‘देवा, डुक्करच येऊ दे.’ म्हणजे फासा मी लावायचा आणि जनावर देवानं निवडायचं!

तुमच्यातही असं करणारे असतील. त्यांना विचारतो, देवाले यात कायले ओढता?

दुपारी उरलेले चारही फासे उपटले, वनविभागाच्या नाक्यावर साहेबांच्या टेबलावर ठेवले आणि “हे माझेच आहेत” म्हणून माझं नाव सांगितलं.