मेलेल्या धनगराचं सुतक

मंदीनं सोलापुरातल्या गिरण्या अशा गप्प केल्या की भोंगा ऐकून उठणारं अर्धं शहर दुपारपर्यंत झोपून राहायला लागलं. माझंही काम गेलं. बायको पहिल्या बाळंतपणाला मैंदर्गीला माहेरी गेलेली. मी सरकारनं काढलेल्या मदतकामावर खडी फोडायला गेलो. रस्ता अक्कलकोटकडं निघालेला, म्हणजे थेट माझ्या सासुरवाडीच्या दिशेनं. फक्त त्याचा वेग असा, की एक गोगलगाय आम्हाला मागं टाकून गेली आणि परत येताना आम्ही तिला तिथंच भेटलो.

घण काही मला मानवेना. दगड फुटायचा सोडून मलाच तडे जायला लागले. तोंड मात्र शाबूत होतं. दुपारच्या सुट्टीत मी एका धनगराची गोष्ट काढली. त्याचा मेंढा हत्तीएवढा, एका दमात तळं पिणारा, शिंकला की शेजारच्या तालुक्यात पाऊस पडायचा. आमची टोळी सगळी सांगोल्याकडच्या धनगरांची. त्यांना तो भावकीतलाच वाटला. मुकादम तर असा रंगला की सुट्टी लांबत लांबत उन्हं उतरेपर्यंत जायला लागली. गोष्ट सांगणाऱ्याला मजुरी द्यायची सोय सरकारात नव्हती, म्हणून त्यानं मला कागदावर पाणक्या केलं. खांद्यावर कावड, तोंडात धनगर. मी स्वतःला लई शहाणा समजत होतो.

मग एका गाडीवानाबरोबर मैंदर्गीचा निरोप आला. मुलगी झाली होती, बारसं तोंडावर होतं. न विचारता गेलो तर नाव कटणार, आणि माझ्या जागेवर टपलेली माणसं रस्त्याकडेला बसलेलीच होती. मी मुकादमापुढं उभा राहिलो.

"जा की," तो म्हणाला. "पर गोष्ट संपवून जा. अर्धी टाकून जायचं न्हाय."

एवढंच ना, म्हणून त्याच दुपारी मी धनगराला मेंढ्यासकट दरीत लोटून दिलं. गोष्ट संपली. कावड उतरवली, धोतर झटकलं.

टोळी उठेना. त्यांच्यातली सगळ्यात थोरली म्हातारी डोक्यावरचा पदर पुढं ओढून म्हणाली, "आमच्यातला गडी गेला. सुतक हाय. घणाला हात लागायचा न्हाय."

मला हसू आलं. पण संध्याकाळी त्यांच्या एकाही चुलीतून धूर निघाला नाही, आणि सकाळी एकजण चक्क मिशी उतरवून आला. कोण खरंच हळहळत होतं आणि कोण गोष्टीच्या सावलीतली विश्रांती गेली म्हणून बसलं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

"खडी बघाय सायेब येनार हाय," मुकादम माझ्या कानाशी कुजबुजला. "मेल्याला उठव. न्हायतर तुझं नाव कटलं म्हनून समज."

मग काय, मेंढा आधी पडला होता, त्याच्या लोकरीवर धनगर पडला आणि उसळून वर आला. सुतक फिटलं. त्या दिवशी खडी अशी फुटली की धुळीनं विजापूरकरांना दिवसा दिवे लावावे लागले. गोष्ट पुन्हा अर्धी, म्हणून मी मात्र तिथंच.

बारशाच्या दिवशी मी गोष्टीत धनगरालाच मैंदर्गीला धाडलं. मेंढा वेशीबाहेर बांधला, आत बायका कन्नडात पाळणा म्हणत होत्या, तो उंबऱ्याशी आला.

"मग? पोर कशी हाय?" मुकादमानं विचारलं.

हत्तीएवढा मेंढा सुचतो, तळं पिणारा सुचतो. पाहिलंच नाही ते तोंड काही केल्या सुचेना.

"सोड की रं त्याला, मुकादमा," म्हातारी म्हणाली. "बघून यील आन् सांगंल."

मुकादमानं बराच विचार केला. माणूस वाईट नव्हता. "आन् तंवर आमी काय ऐकायचं?" तो म्हणाला. मग हात लांब करून मला दाखवत, "रस्ता तिकडंच चाललाय की. पोचशील."

मी कावड उचलली. धनगराला मात्र उंबऱ्याबाहेरच उभं ठेवलं. टोळीनं विनवलं, मुकादमानं दम दिला, तरी मी स्वतः मैंदर्गीला जाईपर्यंत त्याला आत पाऊल टाकू दिलं नाही.