पाच हजार वेढे

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका काटेकोर माणूस जबलपुरात दुसरा झाला नाही, आणि इतक्या काटेकोर माणसाबरोबर एका क्वार्टरमध्ये राहण्याची शिक्षाही माझ्याइतकी कोणी भोगली नाही. भाऊजी तोफगोळ्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. गोळ्याला मापाची कडी लावायची, बसली तर हिरवा ठिपका, नाही तर लाल. हा ठिपक्यांचा धर्म ते घरीही पाळत. ताईचा पोळपाट एका बाजूला खोल होता म्हणून त्याला लाल ठिपका. माझ्यासाठी सांगून आलेल्या एका मुलीच्या फोटोमागे हिरवा होता. पुढे मुलीकडच्यांनी फोटो परत मागितला, तेव्हा तो ठिपका कसला, हे सांगताना ताईच्या नाकी नऊ आले.

कायमचं ऑस्ट्रेलियाला निघालेल्या रेल्वेतल्या एका अँग्लो-इंडियन गार्डसाहेबांनी भाऊजींना आपली युकुलेली दिली होती. गिटारचं तान्हं पोर वाटावं एवढं वाद्य. चार तारा, त्याही तांतीच्या, म्हणजे आतड्याच्या. भाऊजींना त्यावर एकच आरती येत असे आणि ती ते पहाटे पहिल्या पाळीला निघण्यापूर्वी माझ्या उशाशी बसून वाजवत. मग लढाई सुरू झाली, कारखान्यात दुहेरी पाळ्या लागल्या आणि मिलिटरी हॉस्पिटलात जखमी जवान येऊ लागले. त्यांच्यासाठी वॉर्डात करमणूक करायचं कॉलनीतल्या मराठी मंडळींनी ठरवलं आणि भाऊजींनी सगळ्यांत आधी नाव दिलं. वॉर्ड चाळीस खाटांचा. युकुलेलीचा आवाज दोन खाटाही ओलांडत नव्हता. म्हणून तिला विजेवर चालवायचं, म्हणजे आवाज धरणारा पिकअप बसवून रेडिओला जोडायचं ठरलं.

गुरंदीच्या जुन्या मालाच्या बाजारातून त्यांनी दोन नग आणले. एक रेकॉर्ड-प्लेयरमधला स्फटिक आणि एक हेडफोनमधलं चुंबक. स्फटिक मेणाने वाद्याच्या पोटावर चिकटवला. रेडिओतून तारा तर वाजल्याच, शिवाय भाऊजींच्या सदऱ्याची बटणं, त्यांचा श्वास आणि वांग्याच्या भाजीनंतर त्यांच्या पोटात चाललेली हालचाल, सगळं साऱ्या आळीला ऐकू गेलं. ताई पदर तोंडाला लावून आत पळाली.

"चहाडखोर आहे हा," भाऊजी म्हणाले आणि त्याला लाल ठिपका दिला. "चुंबक सरळ माणूस. तारेशिवाय कोणाचंच ऐकत नाही. काहून रे साळेबुवा, हसून काहून राहिला?"

मी टेलिफोन दुरुस्तीत होतो. चुंबकाला पोलादी तारच ऐकू येते, तांतीपुढे ते ठार बहिरं, हे मला पक्कं ठाऊक होतं. सांगायला तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "चुंबकाभोवती पाच हजार वेढे द्यायचे आहेत. तोवर वाजवणं बंद." मी तोंड मिटलं.

पुढचे चार रविवार घरात देवळासारखी शांतता. भाऊजी केसासारखी बारीक तार गुंडाळत, ओठांतल्या ओठांत मोजत. दूधवाला ओरडला की आकडा चुकायचा आणि पुन्हा एकपासून. शेजारी लढाईच्या बातम्या ऐकायला आले, तर त्यांना दारातूनच हाताने परत पाठवलं. पाचव्या रविवारी सकाळी काम पुरं झालं. त्याच दिवशी कार्यक्रम.

"एकदा वाजवून तर बघा," ताई म्हणाली.

"आम्ही काय गोळा उडवून बघतो का? ते काम दुसऱ्यांचं. माप बरोबर तर माल बरोबर. चलो."

वॉर्डात मी रेडिओ धरून उभा होतो. भाऊजींनी तार छेडली. रेडिओ नुसता घूं करत राहिला. त्यांनी जोर लावला, घूं. चाळीस माणसं बघत होती आणि भाऊजी त्या वेटोळ्याकडे बघत होते. शेवटी पाय प्लास्टरमध्ये टांगलेला एक जवान म्हणाला, "भाईसाहब, डिब्बे को आराम दो. इधर आके बजाओ." भाऊजी गेले. मग पुढच्या खाटेकडे. चाळीस खाटा, चाळीस वेळा तीच आरती.

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "तू तर टेलिफोनचा माणूस. काय चुकलं असेल?"

खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "मोजण्यात कुठे तरी गडबड झाली असेल."

महिन्याभरात त्यांनी अर्ज करून तपासणी सोडली आणि स्टोअरमध्ये बदली घेतली. मला एकदाच म्हणाले, "ज्याला पाच हजार मोजता येत नाहीत, त्याच्या हातून गोळा पुढे जाऊ नये. तिकडे आपलीच पोरं आहेत." निवृत्त होईपर्यंत ते स्टोअरमध्येच राहिले. घरातले ठिपकेही थांबले.

गेल्या महिन्यात त्यांच्या विजय नगरच्या घरी गेलो आणि एकदाचं सगळं सांगून टाकलं. तांत, चुंबक, माझी झोप, रिक्षातलं खोटं. मान खाली घालून बसलो. शिव्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

भाऊजी हळूच म्हणाले, "म्हणजे मोजणी बरोबर होती?"

"होती."

"अच्छा." त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "ऐकलं का, मोजणी बरोबर होती माझी."

"कसली मोजणी?" ताईने आतून विचारलं. त्यांनी तपासणी डोळ्यांमुळे सोडली, असंच ती इतकी वर्षं समजत होती.