पॅरिसात गाडी कोणी चालवली

एकोणीसशे नव्व्याण्णव साल, मला पासष्टावं लागलेलं. हेब्बाळच्या आमच्या घरी सकाळी फोन वाजला आणि माझी बायको शालू फोन हातात धरून खालीच बसली. कोरमंगलाहून तिच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा फोन होता. अण्णा गेले. अंघोळीला निघाले, जरा बसतो म्हणाले, ते बसलेच... अण्णा म्हणजे माझे साडू. आदल्याच रविवारी मी त्यांच्या गाडीचा फॅनबेल्ट बदलून दिला होता आणि ते शेजारी उभे राहून म्हणत होते, "केशवा, स्वल्प आवाज येतोय रे अजून." मी म्हटलं, "आवाज तुमच्या कानात आहे." हे आमचं शेवटचं बोलणं. इथल्या मराठी मंडळाच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर काही लिहा, तुमच्याइतकं जवळून कोणी पाहिलं नाही, असं लोक म्हणाले. ते खरं आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात वाकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्यावं. पण जे झालं तेच लिहीन.

अण्णा सरकारी कारखान्यात इंजिनिअर आणि मी त्याच कारखान्याच्या बसचा ड्रायव्हर. एक बहीण इंजिनिअरला दिली आणि एक ड्रायव्हरला, यावरून आमच्या लग्नात बरीच कुजबुज झाली होती. अण्णांनी ती कधी कानावर घेतली नाही, हे मी कबूल करतो. बसमध्ये साहेब लोक मधल्या बाकांवर बसायचे. अण्णा नेहमी माझ्या पाठीमागच्या बाकावर. वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, मला ऐकू जावं म्हणून. माझे रजेचे अर्ज तेच इंग्रजीत लिहून द्यायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी घेतली आणि म्हणाले, "आता तू गुरुजी." होसकोट्याला कारखान्यांच्या मागचा रस्ता रविवारी रिकामा असायचा, तिथे शिकवलं. बाहेर ते मोठे, गाडीत मी मोठा. क्लचवरचा पाय निघाला नाही की मी ओरडायचो, "अण्णा, पाय काय तिथे भाड्याने दिलाय?" एवढा मोठा माणूस, पण निमूट ऐकून घ्यायचा आणि परत पहिल्यापासून करायचा. मला त्यांचं हे फार आवडायचं.

सुधीर हा त्यांचा एकुलता एक मुलगा, जर्मनीत नोकरीला. शहाण्णव साली त्याने नवी गाडी घेतली आणि आम्हां चौघांना बोलावून घेतलं. त्याला रजा मिळेना, म्हणून म्हणाला, "बाबा, गाडी घेऊन जा, बारा दिवस फिरून या. ॲमस्टरडॅम बघा, ब्रसेल्स, पॅरिस बघा. पण चालवायची तुम्हीच हं, इन्शुरन्स फक्त तुमच्या नावावर आहे." मग माझ्याकडे वळून, "काका, तुम्ही मस्त आराम करा. तिकडे सगळ्या पाट्या वाचाव्या लागतात." निळी गाडी, सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. अक्कांनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली, समोरच्या खिडकीतून एक गोरी म्हातारी डोळे फाडून बघत होती. अण्णांनी लिंबं चिरडत गाडी काढली, सुधीर हात हलवत उभा. पहिल्या वळणावर सुधीर दिसेनासा झाला आणि अण्णांनी एका बेकरीसमोर गाडी थांबवली. स्टेअरिंग डाव्या अंगाला, रस्ता उजव्या बाजूचा... त्यांनी इंजिन बंद केलं. "केशवा, ये रे बाबा इकडे. मला नाही जमायचं." मी म्हटलं, "आणि इन्शुरन्स?" म्हणाले, "सुधीरला कळू द्यायचं नाही. परत जाईपर्यंत गाडी मी चालवली म्हणायचं. सरी?" मी म्हटलं, "सरी." सरी म्हणजे कन्नडात 'बरं'. ती चूक होती आणि त्यात माझाही वाटा होता.

पण काय सांगू, ते बारा दिवस! ॲमस्टरडॅमला एका बाजूने ट्राम, दुसऱ्या बाजूने कालवा आणि मधून सायकलींची झुंड, सायकलवाल्याला तिथे मंत्र्यासारखा मान. पॅरिसात ती भलीमोठी कमान आहे, तिच्याभोवती बारा रस्ते येऊन मिळतात आणि रस्त्यावर एक रेघ आखलेली नाही. गोलात असलेल्याने आत येणाऱ्याला वाट द्यायची, अशी तिथली उलटी रीत. ती मला कोणी वाचून दाखवली नाही. कडेला गाडी लावून दहा मिनिटं नुसतं बघितलं, समजली, आणि घातली गाडी. मागून अक्का "अय्यय्यो, मेलो" करत होत्या आणि शालू म्हणाली, "अजून एक फेरी मारा की!" तीन फेऱ्या मारल्या. अण्णा शेजारी नकाशा घेऊन, "दुसरा रस्ता... नाही नाही, तिसरा! अरे गेला!" मी म्हटलं, "अण्णा, आधी नकाशा सुलटा धरा." ते स्वतःच इतके हसले की चष्मा पायाशी पडला. ते वाचायचे आणि मी चालवायचो, अशी आमची जोडी जमली होती. कुठे थांबलो की अण्णा झटकन ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसायचे, हात स्टेअरिंगवर. "काढ फोटो, सुधीरला दाखवायला." आणि मी काढायचो. एकूण एक फोटो मी काढलेले.

त्या गाडीचा रिव्हर्स टाकायला गिअरच्या दांड्यावरची कडी वर उचलावी लागे. अण्णांना मी दोनदा दाखवलं होतं. ब्रसेल्सला तळघरातल्या पार्किंगमध्ये मी पाणी आणायला गेलो, तेवढ्यात कुणीतरी गाडी हलवा म्हणून खेकसला आणि अण्णा स्टेअरिंगवर बसले. कडी उचलायची राहिली. मागे जायची गाडी पुढे उसळली आणि खांबाला घासली, दिव्यापासून दारापर्यंत. बारा दिवसांत अण्णांनी गाडी चालवली ती तेवढी एकदा. मी त्यांना रागावलो नाही, ते रडवेले झाले होते. परतताना बेकरीपाशी आम्ही पुन्हा जागा बदलल्या. घरी पोचल्यावर मी बॅगा वर नेत होतो, खाली बापलेक गाडीपाशी बोलत होते. त्या संध्याकाळी सुधीरने किल्ली खुंटीला न लावता खिशात ठेवली. मला वाटलं, नवी गाडी, वाईट वाटलं असेल.

आता तेराव्याचं सांगतो. कोरमंगलाच्या घरी सगळे जमले होते, कारखान्यातले जुने लोक, मंडळातले, शेजारचे. जेवणं उरकल्यावर सुधीर फोटोंचा आल्बम घेऊन उभा राहिला. "माझे बाबा रिटायर झाल्यावर ड्रायव्हिंग शिकले," तो म्हणाला, "आणि साठीनंतर माझी नवी कार घेऊन तीन देश फिरून आले. पॅरिसच्या त्या सर्कलमध्ये माझ्या ऑफिसातले जर्मन लोक जायला टरकतात. बाबांनी तीन राउंड मारले!" लोक हसले, काहींनी डोळे पुसले. मग त्याने माझ्याकडे बघितलं, अगदी प्रेमाने. "आणि काका मागे बसून मारुतीचं नाव घेत होते! ब्रसेल्सला फक्त एकदा त्यांनी हट्टाने गाडी मागितली आणि घातली खांबावर. बाबा मला म्हणाले, त्याला बोलू नकोस, शिकलेला नाही, त्याला लागेल. म्हणून काका, मी आजपर्यंत एक शब्द बोललो नाही." सगळे माझ्याकडे बघून हसत होते. मी उठून उभा राहिलो. स्वयंपाकघराच्या दारात अक्का होत्या, बारा दिवस माझ्या मागच्या सीटवर बसलेल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. कारखान्यातला एकजण म्हणाला, "काय ड्रायव्हरसाहेब, खरं का?" सुधीर आल्बम छातीशी धरून उभा होता, डोळे भरलेले... मी म्हटलं, "खरं आहे. त्यांनीच चालवली. फार छान चालवली."

परतताना रिक्षात मी शालूला विचारलं, "तुला माहीत होतं?" ती बाहेर बघत म्हणाली, "दोन वर्षं झाली. एका लग्नात भावोजी सांगत होते, तुम्ही तिथे नव्हता." "आणि तू ऐकून घेतलंस?" "मग काय करू? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्यांचं तोंड बघितलं नसतंत. मी माझ्या बहिणीकडे जायचं कसं?" बघितलं नसतंच मी त्यांचं तोंड. पण अण्णा, तुमचं इंग्रजी, तुमचं घर, तुमचा परदेशातला मुलगा, याचा मला कधी हेवा वाटला नाही. माझ्यापाशी स्टेअरिंग होतं, मला पुरत होतं. ते तुम्ही घेतलंत. मुलासमोर मान राहावा म्हणून तेही घ्या, मी सरी म्हटलंच होतं. पण खांब? तो माझ्या नावावर कशाला घातलात? आणि वर 'त्याला लागेल'... भांडावं तर समोर माणूस नाही. शिकवायला मीच शिकवलं, हातात किल्ली मीच दिली, फोटोही मीच काढले.

हे इथे लिहितोय, कारण सुधीर वाचणार नाही. घरात मराठी बोलतो, पण शाळा इंग्रजी, दुसरी भाषा कन्नड; मराठीच्या दोन ओळी वाचल्या की दमतो. मला त्याच्या पाट्या वाचता येत नाहीत, त्याला माझं हे. अक्का वाचतील. त्यांनी वाचावं.

सुधीर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने निघायचा होता. टॅक्सी सांगतो म्हणत होता, मी म्हटलं, अण्णांची गाडी दारात असताना टॅक्सी कशाला. सकाळी मी कोरमंगलाला पोचलो, गाडी पुसली, काढली. सुधीर शेजारी बसला, पट्टा बांधला आणि दारावरची मूठ घट्ट धरली. "काका, घाई नाही हं. सावकाश." मी म्हटलं, "सरी." रस्त्यात दोन बस आडव्या आल्या, एक गाय, एक उलट्या बाजूने येणारा स्कूटरवाला. निम्म्या वाटेत त्याचा हात मुठीवरून घसरला आणि डोकं खिडकीला टेकलं. मग मी त्याला धक्का बसू नये असे गिअर बदलत गेलो. विमानतळाशी खांद्याला हात लावून उठवलं. "अरे, झोपच लागली मला," तो डोळे चोळत म्हणाला. "मी सुट्टीला आलो की बाबा चालवायचे ना, तेव्हा अश्शीच लागायची."

मी डिकी उघडली आणि त्याची बॅग ट्रॉलीवर ठेवली.